चकतीवर नसलेली माणसं

२ मार्च

पोचलो एकदाचे. धाकटी गाडीतून उतरल्यापासून बडबडत होती ती फाटकाशी येऊन थांबली. मग म्हणाली, ताई, हे घर आहे की पोस्टाचं तिकीट? खरंच तसं आहे. चौकोनी आवार, कडेनं दातेरी कुंपण, मधोमध पिवळी इमारत.

वरच्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या दिल्या आहेत. एकीत पलंग, दुसरीत काम. कामाच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी आहे. दिवसभर एकसारखा उजेड, सावली जवळजवळ पडत नाही. लोखंड बघायला असाच उजेड लागतो. टेबलावर हिरवं कापड, भिंग, मऊ फडकी, गंज खरवडायला शिंगाची पट्टी. कुणा जाणत्यानं मांडलेलं टेबल वाटलं. मालकांना तसं म्हटलं, तर ते नुसते हसले.

मालक उंच, वयस्क, डोक्यावर नावाला केस नाही. फार अदबीनं बोलतात. बहिणीला घेऊनच या, असं त्यांनी फोनवर आपणहून सांगितलं होतं. अपघातानंतर धाकटीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिला एकटीला मागे ठेवायचं म्हणजे माझा जीव टांगणीला लागला असता. त्यांनी तिच्या हाताची चौकशी केली. धाकटीनं सांगितलं, हात ठीक आहे, फक्त कुणाला सलाम करता येत नाही, त्यामुळे नोकरी मिळत नाही.

ज्यांच्याकडे हे काम शिकले त्या सरांना फोन करून पोचल्याचं कळवलं. हे काम त्यांनीच मिळवून दिलं. ते म्हणाले, जप. एवढंच. सर कधीच जास्त बोलत नाहीत.

४ मार्च

कामाबद्दल जरा लिहून ठेवते.

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसवलेली चकती. हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून. आकार तळहाताएवढा, धातू बहुतेक वेळा लोखंड. मध्ये पात्यासाठी भोक. उरलेल्या जागेत कारागीर नक्षी उठवतो, नाहीतर आरपार कापून काढतो. त्या नक्षीचा अर्थ सांगायचा हे माझं काम. नक्षीत चतुर हा किडा असला तर तो योद्ध्याचा, कारण चतुर मागे उडत नाही असं मानलं जाई.

मालकांचा संग्रह मात्र एकाच जातीचा आहे. या नक्षीत माणूस दाखवत नाहीत, त्याच्या वस्तू तेवढ्या दाखवतात. माणूस बघणाऱ्यानं ओळखायचा. झाडू आणि कागदाची गुंडाळी म्हणजे मठातले दोन वेडगळ मित्र. खडकावर टोपी आणि बाक नसलेला गळ म्हणजे तो म्हातारा, ज्याला मासा नको होता, राजा हवा होता. सोंगट्यांच्या पटाशेजारी कुजक्या दांड्याची कुऱ्हाड म्हणजे देवांचा खेळ बघत उभा राहिलेला लाकूडतोड्या. खेळ संपेपर्यंत त्याच्या गावात त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

अवघड चकती आली की मी सरांची युक्ती वापरते. रिकाम्या जागेत ओळखीचं माणूस बसवून बघायचं. वस्तू त्याच्या हातात द्यायच्या. कुठेतरी खटकतंच. काय खटकलं ते कळलं की खरं कोण ते कळायला लागतं. सगळे हसतात या पद्धतीला, पण ती मला कधी दगा देत नाही. आता तर सवयच झाली आहे. रस्त्यात कुणाची छत्री पडलेली दिसली तरी मी तिच्यामागे माणूस उभा करते.

संध्याकाळच्या चहाला मालक विचारतात, मग, आज कोण नव्हतं? घरातला विनोदच झाला आहे तो.

७ मार्च

इथे बरं वाटतंय. मावशी स्वयंपाक करतात आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवतात. कामाच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. म्हणाल्या, मला त्या लोखंडाचा कंटाळा येतो, आणि त्यालाही माझा येत असेल.

माळी डावखुरा आहे. त्याची बादली गळते. धाकटीनं बादली बदलायला सांगितलं, तर म्हणाला, छोट्या बाई, गळते म्हणून तर वाटेवरच्या झाडांनाही पाणी मिळतं, नवी आणली तर ती माझ्या नावानं खडे फोडतील. धाकटीला तो फार आवडला आहे. दिवसभर ती बागेत असते. तिचा चेहरा भरलाय.

सकाळी मी तिचे केस विंचरते. तिचा हात पोचत नाही. ती बुटक्या स्टुलावर बसते, मी मागे उभी. तेवढा वेळ तिला माझ्या लग्नाची काळजी सुचते. गुंता आला की म्हणते, ताई, हा राग माझ्यावर आहे का त्या गेल्या वर्षीच्या स्थळावर?

८ मार्च

आज मालकांनी वेगळ्या पेटीतली चकती दिली. आरपार कापलेलं काम, सुरेख जुनं लोखंड. एक विळा, एक बादली. बस्स.

कुठलीच कथा लागू पडेना. अख्खी सकाळ गेली. शेवटी सवयीनं माणूस बसवून बघितलं. खिडकीतून माळी दिसत होता, तोच बसवला. विळ्याची मूठ डावीकडे होती. बादलीच्या बुडाशी कारागिरानं एक थेंब ठेवला होता.

काहीच खटकलं नाही.

असं कधी होत नाही. शेकडो वर्षं जुन्या दूरदेशीच्या लोखंडावर आजचा माणूस तंतोतंत बसायला नको. मी गमतीनं हसले, कार्डावर ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलं आणि चकती पेटीत ठेवली. चहाला मालकांनी विचारलं, कोण नव्हतं? मी सांगितलं, कळलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. चहा निवला तरी बघत होते.

९ मार्च

माळी दिसत नाही. वाफ्याच्या कडेला त्याचा विळा आणि बादली तशीच. बादली अजून गळत होती, म्हणजे भरून फार वेळ झाला नसावा. मावशींनी ती उचलून पडवीत आणून ठेवली. म्हणाल्या, गेला असेल विडी ओढायला. दुपारी म्हणाल्या, गेला असेल घरी भांडायला. धाकटी त्याच्या घरापर्यंत जाऊन आली. तिथेही नाही.

बादली आणि विळा. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१० मार्च

सकाळी बागेत एक माणूस उभा होता. तिशीचा, जुन्या पद्धतीचा सदरा. दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपत होता. मी खिडकीतून हाक मारली, तर दचकला. मग रडायलाच लागला. म्हणाला, तुम्हाला मी दिसतो?

मावशी बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातलं ताट पडलं. नंतर स्वयंपाकघरात बसून त्यांनी सांगितलं. त्या या घरात कामाला लागल्या तेव्हा हाच माळी होता. हाच, एवढाच. एक दिवस विळा टाकून निघून गेला तो पुन्हा आला नाही. आता त्याचं वय त्यांच्यापेक्षा जास्त असायला हवं. मी म्हटलं, मुलगा असेल त्याचा, नाहीतर पुतण्या. मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, त्यानं मला नावानं हाक मारली. माझ्या नातवाचा खोकला बरा झाला का म्हणून विचारलं. बाई, नातू माझा गेल्या साली झालाय. खोकल्याचं मी फक्त या चुलीपाशी बोलले, तेही स्वतःशीच.

तो माणूस फाटकातून बाहेर गेला. मालकांनी त्याला थांबवलं नाही. ते वरच्या गच्चीतून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. लपवत नव्हते.

१२ मार्च

मावशी आल्या नाहीत. येणार नाहीत असा निरोप आला.

आज विळ्याची चकती पुन्हा काढली. नक्षी बघितलीच नाही, भोक बघितलं. भोकाच्या दोन्ही टोकांना तांब्याचे तुकडे ठोकलेले आहेत. त्यात नवल काही नाही. चकती तलवारीपेक्षा जास्त टिकते. एक पातं काढून दुसरं बसवायचं, तर भोक जुळवायला तांबं ठोकतात. मी आजवर असंख्य चकत्यांवर हे तुकडे पाहिले असतील. या चकतीवरचा एक तुकडा नवा आहे. लालभडक, हवा न लागलेला.

मी ठोकलेला नाही. कुणीच ठोकलेला नाही.

एक काढलं, दुसरं बसवलं.

खाली जाऊन मालकांना स्पष्ट विचारलं, माणसंही अशीच बदलतात का? मला वाटलं हसतील. ते म्हणाले, बाई, मला त्या चकत्यांत लोखंडच दिसतं. जन्मभर बघतोय, पण माणूस बसवता येत नाही. तो ज्याला येतो त्यालाच येतो. तुमच्या सरांना येत होता. वरचं टेबल त्यांचंच.

मग त्यांनी दुसरी पेटी पुढे केली. म्हणाले, विळा ही नुसती परीक्षा होती. यात माझी बायको आहे. तुमच्या सरांनी बसवली, चुकून. ती खोलीत फणी घेऊन आली आणि ते चकतीकडे बघत होते. तेवढंच. आता ते येत नाहीत. म्हणाले, एक विद्यार्थिनी आहे, तिची सवय माझ्याहून पक्की आहे.

मी पेटी उघडली नाही. सरांना फोन लावला. वाजत राहिला.

उद्या निघायचं.

१३ मार्च

गाडी उद्याची मिळाली. धाकटीला सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. मग म्हणाली, ताई, तू मला कशात बसवू नकोस हं, मी आधीच जाडी झालेय. मी तिला ओरडले. तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

दिवसभर मी कुठल्याच वस्तूकडे नीट बघत नाही. दारातली चप्पल. ओट्यावरची पळी. प्रत्येक वस्तूच्या मागे माणूस उभा राहायला बघतो. मी डोळे मिटते. मिटल्यावर जास्त स्पष्ट दिसतं.

माणूस बसवायला बोलावं लागत नाही. मनात येऊ नये असं काही करता येत नाही. स्वतःला म्हणून बघितलं, धाकटीचा विचार करू नकोस.

१४ मार्च

धाकटी—

नीट लिहिते. नीट लिहायला हवं.

सकाळी बॅगा भरल्या. तिनं केस धुतले. म्हणाली, गाडीत भुतासारखी दिसायला नको, विंचरून दे. स्टुलावर बसली. टॉवेल खांद्यावर. फणी तिच्या हातात होती, मला द्यायला मागे वळत होती. तेवढ्यात मालक दार न वाजवता आत आले आणि चकती टेबलावर ठेवून गेले. 

मी चकती झटकन पालथी केली. न बघता. नक्षी खाली जावी म्हणून.

आरपार कापलेलं काम होतं. ते दोन्ही बाजूंनी दिसतं. हे मला माहीत आहे. हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तरी मी पालथी केली, आणि पालथी करताना बघितलं. बुटकं स्टूल. फणी.

मान फिरवली तर धाकटी नव्हती. स्टूल होतं. फणी होती. टॉवेल जमिनीवर, ओला, कोमट.

हाका मारल्या. पलंगाखाली बघितलं. कपाट उघडलं. एवढी मोठी मुलगी कपाटात मावेल का? तरी दोनदा उघडलं.

फणी उचलून छातीशी धरली. तिचे केस अडकले आहेत त्यात.

१४ मार्च, दुपार

पोलिसांकडे गेले. हवालदार म्हणाला, बहीण मोठी आहे ना, येईल, मैत्रिणीकडे गेली असेल. मी म्हटलं, ओल्या केसांनी? तो म्हणाला, बाई, आजकाल फॅशन आहे.

परत आले तर दिवाणखान्यात एक बाई बसलेली. माझ्याहून लहान. केस मोकळे. मालक तिच्या पायाशी बसून रडत होते, आणि ती पाय मागे ओढून घेत होती.

तिचा आवाज वापर नसल्यासारखा. ती त्यांना म्हणाली, रोज जेवताना मी तुझ्या समोर बसत होते. रोज ओरडत होते. तू म्हातारा होताना मी बघितलंय. त्या माळ्याला कुणाच्या जागी पाठवलंस तेही बघितलंय. मला हात लावू नकोस.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुझी बहीण कुठे गेलेली नाही. कुणीच कुठे जात नाही. इथेच असतो. फक्त कुणाला दिसत नाही.

१५ मार्च

मी खोली सोडत नाही. स्टुलाशी बोलते. हवेशी बोलते. म्हटलं, धाकटे, भूक लागली का गं? म्हटलं, हात दुखतोय का? काहीच नाही. टॉवेल वाळला.

खिडकीतून वाफे दिसतात. माळी तिथे उभा असेल. विळा शोधत. त्याचीही माफी मागितली, खिडकीतून, मोठ्यानं. वेड लागलंय म्हणतील. म्हणू देत.

त्या बाई वर आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते, विसरायला नको.

माणूस दिसेनासा होतो, पण हातातली वस्तू लगेच सुटत नाही. ती धरलेली असेपर्यंत धागा असतो. तेवढ्यात कुणी ओळखलं तर ओळखलं. दुसऱ्या कुणी ती वस्तू उचलली की संपलं. मग ना आवाज, ना स्पर्श. त्यांच्या हातातली फणी मालकांनी घेतली होती. बायको कुठे गेली म्हणत, फणी हातात घेऊन घरभर फिरले.

धाकटीची फणी

मी. मी उचलली. तिच्या हातातून. ती सोडत नसेल. ती म्हणत असेल, ताई, नको—

१५ मार्च, संध्याकाळ

एकच वाट आहे. त्या जागी दुसरं कुणी बसवायचं. मग ती सुटेल.

मालकांना बसवून बघितलं. मन घट्ट करून. त्यांना स्टुलावर बसवलं, फणी हातात दिली. टक्कल. खटकलं. हसू फुटलं मला, घरात कुणी मेल्यासारखं वाटत असताना हसू. धाकटी हसली असेल. शेजारीच असेल तर हसली असेल.

त्या बाई म्हणाल्या, मावशीला बसव. तिचं वय झालंय. असं सरळ म्हणाल्या. इतकी वर्षं कुणी न बघितलेल्या माणसाला असंच बोलता येत असेल.

नाही म्हटलं. पण मावशींचा अंबाडा डोळ्यांपुढे आला. चकतीवर फडकं टाकून जिन्यात पळत गेले. भिंतीला डोकं लावून पाढे म्हटले. मावशी बसल्या नसतील ना? नसतील. नसोत.

१६ मार्च

सकाळी मावशींच्या घराकडे जाऊन आले. लांबून बघितलं. अंगणात ओरडत होत्या नातवावर. आहेत.

आता चकती. आता नीट बघायची. अजून मी ती नीट बघितलेलीच नाही. पालथी करताना दिसली तेवढीच.

फडकं काढलं. भिंग घेतलं. पहिल्यापासून, शिकवलं तसं. मुठीकडची बाजू वर. आधी दिसतं ते लिहायचं, अर्थ नंतर.

बुटकं स्टूल. खाली, डावीकडे.

फणी. स्टुलावर नाही. स्टुलाच्या मागे, वर. भोकाच्या खांद्याशी.

दात खालच्या बाजूला.

स्टुलावर बसलेल्या बाईचा हात तिथे पोचणार नाही. धाकटीचा तर नाहीच नाही. खटकायला हवं होतं. मी थांबलेच नाही खटकायला. भीतीत वाचलं. चुकीचं वाचलं.

सरांनीही चुकीचंच वाचलं.

ही फणी बसलेल्या बाईची नव्हे. मागे उभ्या असलेल्या बाईची आहे. दुसऱ्याचे केस विंचरणारीची.

आता काही खटकत नाही.

१६ मार्च, नंतर

घाई करायची नाही. आधी धाकटीसाठी.

धाकटे, तू हे वाचशील तेव्हा मी दिसणार नाही. शोधू नकोस. फणी टेबलावर आहे, मी मुद्दाम हातात घेतलेली नाही, हातात पेन घेतलंय. पेन धरून राहीन. जमेल तेवढं लिहीन. बॅग भरलेली आहे. मावशींकडे जा. चकतीकडे बघू नकोस, तुला वाचता येत नाही तेच बरं. मला सोडवायला कुणाला बसवायचं नाही. कुणालाही नाही. मालक गोड बोलतील. सरांचा फोन आला तर उचलू नकोस.

केस कापून टाक. नाहीतर मावशींकडून विंचरून घे. त्यांचा हात जड आहे, ओरडू नकोस.

भीती वाटते गं. फार वाटते. तुझ्या वेळी तुला सांगायलाही कुणी नव्हतं.

आता बघते. स्टूल. मागे मी. फणी माझ्या

बसलं.

गार. पायापासून. दुखत नाही—

स्टुलावर ओलं काहीतरी. केस. तिचे केस! अजून ओले. धाकटी. धाकटी आहे. वळली. बरोबर माझ्याकडे बघितलं, ताई म्हणाली, हसली—

आता बघत नाही. माझ्या डोळ्यांत बघते आणि मागची भिंत बघते. हाका मारतेय. मी ओ देतेय. घसा फाटेस्तोवर ओ देतेय.

पलंगाखाली वाकली. कपाट उघडलं. पुन्हा उघडलं.

टेबलाशी आली. रडतेय. वही बघ. वहीत बघ गं. फणी नको, वही. हो, इकडे. वाच. पानावर बघ—

पानाकडे नाही, पेनाकडे बघतेय.

धाकटे, नको. आधी वाच. मी धरलंय ते. हात लावू नकोस, हे वाच आधी, पेनाला हा